स्प्रे गन ठसकतेय आणि फवारा वाकडा येतोय: खोलायच्या आधी काय तपासू?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी,

लाकडी कपाटाची दारं रंगवायला काढली आहेत. कॉम्प्रेसरवर चालणारी, वर कप असलेली साधी गन आहे, नोझल १.४ मिमी. प्रायमर छान बसला. आता वरचा रंग मारताना दोन त्रास सुरू झालेत. एक, गन ठसकतेय. ट्रिगर दाबून धरला तरी फवारा सलग येत नाही, फुर्र-फुर्र करत तुटक येतो आणि मधूनच टपोरे थेंब पडतात. दोन, फवाऱ्याचा पट्टा सरळ नाही. एका अंगाला झुकलेला, चंद्रकोरीसारखा उमटतो.

थिनर वाढवून झाला, दाब वाढवून झाला. ठसका तसाच, वर दाब वाढवल्यावर खोलीभर धुकं. मित्राचं म्हणणं, गन गेली, नवी घे. मला ते पटत नाही, कारण प्रायमरला हीच गन गुणी बाळासारखी वागली होती.

काय तपासू, आणि कुठल्या क्रमानं? शिवाय तुम्ही लोक आपापली यंत्रं कशी सांभाळता तेही लिहा. एअरलेसवाल्यांचंही स्वागत आहे.

टवाळखोर

ठसका लागलाय तर पाठीवर थोपटा, वर बघायला सांगा. (हलकेच घ्या.)

ब्रशवाला

ब्रश कधी ठसकत नाही. एवढं बोलून मी खाली बसतो.

निळा_डबा

आधी फुकटातल्या गोष्टी बघा. कपाच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. रंग खाली उतरतो तशी वरून हवा आत यावी लागते. ते भोक वाळलेल्या रंगानं बुजलं की कपात पोकळी होते आणि रंग अडखळत उतरतो. ठसकायला लागली की झाकण थोडं सैल करा आणि गन सरळ धरून पुन्हा मारा. फवारा सुधारला तर चोर सापडला.

दुसरं, रंग गाळला होता का? नवा डबा फोडला तरी गाळायचाच. कडेला धरलेली साय ढवळताना मोडते आणि तिचे तुकडे १.४ च्या नोझलमध्ये जाऊन बसतात. कागदी गाळणी नसेल तर जुना नायलॉनचा पायमोजा चालतो. धुतलेला.

तिसरं, कपात रंग किती होता? तळाला आल्यावर किंवा गन फार कलली की रंगाबरोबर हवाही ओढली जाते.

ओघळ

निळा_डबा यांच्याशी सहमत. पण सुतारपक्षी, थिनर अंदाजानं ओतू नका हो. पातळ रंगानं ठसका जात नाही, फक्त ओघळ येतात (आयडी उगाच नाही घेतलेला). व्हिस्कॉसिटी कप वापरा. तळाला ठरावीक मापाचं भोक असलेला कप असतो, फोर्ड ४ किंवा डिन ४. काठोकाठ भरायचा, खालचं बोट काढायचं आणि सलग धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. रंगाच्या माहितीपत्रकात किती सेकंद हवेत ते दिलेलं असतं. फक्त कुठल्या कपाचे ते नीट वाचा, दोन्हींचे सेकंद सारखे नसतात. आणि रंग गार असला की घट्ट वाटतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मोजा.

@ब्रशवाला, ब्रशचे केस सुटून रंगात चिकटतात त्याचं काय?

ब्रशवाला

त्याला टेक्स्चर म्हणतात.

यंत्रज्ञ

सुतारपक्षी, हे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधानं दोन्ही जाणार नाहीत. ठसका म्हणजे रंगाच्या वाटेत हवा शिरतेय किंवा रंग अडतोय. वाकडा पट्टा म्हणजे हवेच्या वाटेत अडथळा, नाहीतर नोझलच्या तोंडाला काहीतरी झालंय. दाब वाढवणं हे दोन्हींवर उत्तर नाही.

वाकड्या पट्ट्याचा निकाल लगेच लागतो. पुठ्ठा उभा लावा, गन स्थिर धरा आणि ट्रिगर क्षणभर दाबून एक ठसा उमटवा. मग बाकी कशालाही हात न लावता फक्त एअर कॅप (नोझलवरची, दोन शिंगं असलेली हवेची टोपी) अर्धा फेरा फिरवा आणि शेजारी दुसरा ठसा घ्या. चंद्रकोर उलट्या बाजूला गेली तर दोष कॅपमध्ये आहे, म्हणजे शिंगांवरच्या भोकांपैकी एखादं बुजलंय. कोर जागची हलली नाही तर दोष नोझलच्या तोंडाशी आहे. तिथे रंगाचा खडा अडकलेला असतो किंवा कड ठेचलेली असते.

ठसा वाचायची सवय लावून घ्या, गन खोलण्याची निम्मी वेळ वाचते. मधे जाड आणि टोकांना विरळ असेल तर रंग घट्ट आहे किंवा फॅनचा (पट्ट्याची रुंदी ठरवणारा) नॉब फार बंद आहे. मधे कंबर बारीक आणि दोन्ही टोकांना गठ्ठा असेल तर हवा जास्त, रंग कमी. एका टोकालाच जड असेल तर वरचीच कॅप फिरवायची चाचणी.

आता ठसक्यासाठी एक प्रश्न. ट्रिगर दाबल्यावर कपात बुडबुडे येतात का? थोडाच रंग ठेवा, चष्मा लावा, झाकण काढून बघा आणि इथे सांगा. उत्तर येईपर्यंत काही खोलू नका.

आणि दाब कुठे वाचता? कॉम्प्रेसरवरच्या आकड्याला अर्थ नाही. गनच्या मुठीशी गेज लावून, ट्रिगर दाबलेला असतानाचा आकडा खरा. लांब आणि बारीक नळीत दाब वाटेतच पडतो. गन एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) असेल तर कॅपशी १० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) वर जायचंच नसतं, मुठीशी किती द्यायचा ते गनबरोबरच्या कागदावर असतं. त्या गनला दाबापेक्षा हवा भरपूर लागते. म्हणून कॉम्प्रेसरचे अश्वशक्तीचे आकडे बघून भुलू नका, सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा देतो, ते बघा.

अनघा_का

माझ्याकडे कॉम्प्रेसर नाही, हातात धरायची विजेची गन आहे. खाली कप, मागे छोटी मोटर. यात एक ठरलेली गोष्ट बिघडते आणि लोक मोटर जळाली समजून अख्खी गन अडगळीत टाकतात, म्हणून लिहिते.

मोटर फिरतेय, हवा येतेय, पण रंग येत नाही. अशा वेळी गनच्या बाजूनं कपाच्या झाकणात शिरणारी बोटभर पारदर्शक नळी शोधा. तीच हवा कपात दाबून रंग वर चढवते. नळीच्या बुडाशी एक टोपण असतं आणि टोपणाखाली नखाएवढा पातळ रबरी पडदा. कप भरून गन आडवी ठेवली की रंग त्या पडद्यापर्यंत जातो, वाळतो आणि पडदा चिकटतो. टोपण काढायचं, पडदा चिमट्यानं अलगद उचलायचा, कोमट पाण्यानं (तेलाचा रंग असेल तर थिनरनं) पुसायचा आणि त्याच बाजूनं परत बसवायचा. उलटा बसवला तर काम करत नाही. पडदा फाटला असेल तर नवा मिळतो, मोटर बदलायची गरज नसते.

कपाच्या कडेचं रबर नीट बसलेलं नसेल तरी हाच त्रास होतो, दाब कडेनं निसटतो.

आणखी एक. आतली शोषनळी बुडाशी वाकडी असते. जमिनीवरचं काही मारताना तिचं टोक पुढे, छताकडे मारताना मागे. ज्या बाजूला रंग साचतो त्या बाजूला टोक हवं. नाहीतर अर्धा कप भरलेला असतानाही गन ठसकते.

हो, आणि मोटरच्या मागे स्पंजाचा एअर फिल्टर असतो. कोणी कधी उघडूनच बघत नाही.

टवाळखोर

अनघाताई, आत्ता उघडून बघितला. तो मूळचा पांढरा होता हे कळलं.

मेस्त्री_ऑनलाईन

एवढं शास्त्र कशाला? काम संपलं की रात्री आख्खी गन थिनरच्या डब्यात बुडवून ठेवायची. सकाळी काढायची, हवा मारायची, लागायचं कामाला. आमची गन बोलतच नाही.

यंत्रज्ञ

मेस्त्री, हात जोडून सांगतो, हे कोणाला शिकवू नका. आख्खी गन बुडवली की आतल्या रबरी आणि चामडी पॅकिंगचं तेल निघून जातं. काही फुगतात, काही कडक होतात. शिवाय डब्यातला थिनर रंगाळलेला असतो, तो हवेच्या वाटांमध्ये शिरतो. एरवी तिथे रंगाचा थेंब जात नाही, तिथे मग आतून पातळ थर बसतो. नंतर महिनोन्महिने तिथून कपच्या निघून ताज्या रंगावर बसतात आणि माणूस हवेतल्या धुळीला शिव्या घालतो.

एअर कॅप, नोझल, सुई काढून भिजवा की, हरकत नाही. बॉडी फक्त रंगाच्या वाटेपुरती धुवायची: कपात थोडा थिनर, ट्रिगर दाबून सोडायचा, स्वच्छ येईपर्यंत. मग सुईवर आणि ट्रिगरच्या खिळीवर गनसाठीच्या वंगणाचा थेंब. सिलिकॉनवालं वंगण मात्र गनच्या आसपासही नको.

मेस्त्री_ऑनलाईन

आयुष्य यातच गेलंय साहेब. पॅकिंग दर मोसमात बदलावी लागते, तेवढं खरं.

टवाळखोर

म्हणजे आजार आणि औषध एकाच डब्यात!

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, पण ठसक्यावरून आठवलं म्हणून थोडं अवांतर. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी डॉ. ॲलन डिव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध उडवायला त्यांनी फवारणी बनवली आणि १८८८ मध्ये त्याची कंपनी काढली. पुढे त्यांच्या मुलानं, थॉमसनं, तेच तत्त्व रंगाला लावलं आणि स्प्रे गन तयार केली. तेव्हा घशाच्या डॉक्टरांचं हे अपत्य अधूनमधून ठसकणारच.

मुलाच्या गनच्या आधी, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात भल्यामोठ्या इमारती वेळेत पांढऱ्या करायच्या होत्या, तेव्हा दाबाच्या हवेनं रंग उडवला होता. प्रदर्शनाचं टोपणनावच 'व्हाइट सिटी'. घाईत असलेला मालक तेव्हाही होता म्हणायचा.

ब्रशवाला

आणि डबा हलवून मारायचा स्प्रे?

वाचनमात्र

तो बराच उशिरा आला. १९४९, एडवर्ड सीमोर, इलिनॉयमधलं सिकामोर गाव.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार. यंत्रज्ञ, सांगितलं तसं केलं. झाकणाचं भोक मोकळं आहे, झाकण सैल करून फरक नाही. रंग गाळलेला आहे. झाकण काढून ट्रिगर दाबला तर कपात बुडबुडे येतात, चांगले गडगडून. आणि कॅप अर्धा फेरा फिरवल्यावर कोर उलट्या बाजूला गेली.

यंत्रज्ञ

मग झालं की निदान. नवी गन नको.

बुडबुडे म्हणजे दाबाची हवा नोझलच्या बुडाशी फटीतून रंगाच्या वाटेत घुसतेय आणि उलटी कपात चढतेय. नोझल सैल असेल, नोझल आणि तिची बैठक यांच्यामध्ये वाळलेला रंग असेल, बैठकीवर ओरखडा असेल, किंवा तुमच्या गनमध्ये नोझलमागे वॉशर असेल तर ती झिजली वा हरवली असेल. एअर कॅपचं कडं सैल असलं तरी कधीकधी असं होतं, ते आधी हातानं आवळून बघा.

खोलताना क्रम पाळा. हवेची नळी काढा, मुठीतला उरलेला दाब ट्रिगर दाबून सोडा. एअर कॅप काढा. मग मागचा नॉब उघडून स्प्रिंग आणि सुई बाहेर काढा. सुई बाहेर आल्यावरच नोझलला पाना लावा. सुई आत असताना नोझल फिरवली तर सुईचं टोक नोझलच्या आतल्या कडेवर घासतं आणि दोन्ही वाया जातात. लावताना उलटं, आधी नोझल, मग सुई. पाना गनबरोबर आलेलाच, पक्कड नको. पितळेला पकडीचे दात लागले की त्या खुणा कायमच्या.

बैठक लाकडी काडीनं आणि थिनरच्या फडक्यानं साफ करा. धातूच्या टोकाला हात लावू नका. कॅपच्या शिंगांच्या भोकांनाही तेच. तार, पिन, सुई काहीही नको. ती भोकं विशिष्ट कोनात आणि मापात केलेली असतात, एक जरी तारेनं मोठं झालं की पट्टा जन्मभर वाकडा. कॅप थिनरमध्ये भिजत ठेवा, टोकदार केलेली लाकडी काडी किंवा नायलॉनचा बारीक ब्रश फिरवा, मागून हवा मारा आणि उजेडाकडे धरून बघा.

परत जोडताना सुईवरचा ग्लँड नट (सुईभोवतीची पॅकिंग आवळणारा) बेतानं आवळा. ट्रिगर सोडल्यावर सुई आपणहून झटकन पुढे आली पाहिजे. फार आवळला तर सुई मागेच अडकते आणि नोझलमधून थेंब गळत राहतात. फार सैल ठेवला तर ट्रिगरमागून रंग पाझरतो, आणि शोषण करणाऱ्या (खाली कप असलेल्या) गनमध्ये तिथूनही हवा शिरते.

निळा_डबा

वाचनखूण साठवली.

उंच_शिडी

एअरलेसवाल्यांचं स्वागत म्हणालात म्हणून येतो. आमच्या यंत्रात हवा नसतेच, पंप रंगालाच दाबतो, मोठ्या यंत्रात ३००० पीएसआयपर्यंत. त्यामुळे तक्रारी वेगळ्या.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: काल चाललं, आज मोटर फिरते पण रंग उचलत नाही. दहातल्या नऊ वेळा पंपाच्या तोंडाशी असलेली स्टीलची गोळी बैठकीला चिकटलेली असते. आत राहिलेल्या रंगानं किंवा पाण्यानं ती धरते. शोषनळी काढा, खालून पेन्सिलीचं बोथट टोक घालून गोळी हलकेच वर ढकला. टिक् करून सुटते आणि परत खाली बसते. काही यंत्रांना यासाठी बाहेरून दाबायचं बटणच दिलेलं असतं. नाही सुटली तर पंपाच्या खालच्या भागावर लाकडानं दोन टिचक्या. यानंतरही उचलत नसेल तर शोषनळीचा जोड सैल आहे का, बुडातली जाळी बुजलीय का, आणि प्राइम व्हॉल्व्ह (सुरुवातीला पंपातली हवा काढून रंग भरायचा) प्राइमवर आहे का ते बघा. शेवटचं वाचून हसू नका.

पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा येतात, आम्ही त्यांना शेपट्या म्हणतो. दाब कमी आहे, रंग घट्ट आहे, फिल्टर भरलाय किंवा टिप झिजलीय. आधी फिल्टर. गनच्या मुठीत एक असतो, बऱ्याच यंत्रांत पंपाजवळ दुसरा. भिंतीच्या पाण्याच्या रंगाला साधारण ६० मेश (जाळीची बारकाई, इंचात किती भोकं), लॅकर किंवा स्टेनला १००.

रोजचं काम म्हणाल तर पंपाच्या वरच्या पॅकिंगवर थ्रोट सीलच्या तेलाचे थेंब, सकाळी सुरू करण्याआधी. आणि काम संपल्यावर पाण्यानं धुऊन यंत्र तसंच ठेवू नका. पाणी आत राहिलं की गंज, आणि गोठण्याइतकी थंडी असेल तर पंपच फुटतो. शेवटी मिनरल स्पिरिट किंवा साठवणीचं तयार द्रावण पंपातून फिरवून ते आतच राहू द्यायचं. आधी पाण्याचा रंग मारला असेल तर पाण्यानं पूर्ण धुतल्यावरच स्पिरिट.

ओघळ

टिपवरचे आकडे नेहमी गोंधळात टाकतात. ५१७ म्हणजे काय?

उंच_शिडी

पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे पट्ट्याची रुंदी इंचात, टिप भिंतीपासून १२ इंचांवर धरली तर. पाच म्हणजे दहा इंच. उरलेले दोन म्हणजे भोक, इंचाच्या हजाराव्या भागात. सतरा म्हणजे ०.०१७ इंच. दारांना ३११ सारखी बारीक, भिंतीला ५१५-५१७. यंत्राला किती मोठी टिप झेपते ते यंत्रावर लिहिलेलं असतं, त्याच्या वर गेलात की दाब टिकत नाही.

झिजलेली टिप ओळखायची खूण म्हणजे लांबट भोक गोल व्हायला लागतं, पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त जातो. लोक मग दाब वाढवतात, टिप आणखी झिजते. टिप बदला. ती झिजण्यासाठीच असते.

अनघा_का

उंच_शिडी, टिप बुजली तर?

उंच_शिडी

फिरवायची टिप असते ना, अर्धा फेरा उलटी करायची, टाकाऊ पुठ्ठ्यावर एक फटका मारायचा, खडा उडतो, परत सरळ करायची. पण फिरवण्याआधी ट्रिगरचं लॉक लावायचं. आणि उलट करूनही निघाली नाही तर आधी यंत्राचा दाब सोडायचा, मगच टिपला हात. यंत्र बंद, प्लग काढला, दाब शून्यावर, गन बादलीच्या कडेला टेकवून ट्रिगर दाबला, लॉक लावलं, प्राइम व्हॉल्व्ह उघडला. बंद केलेल्या यंत्राच्या नळीतही दाब भरलेला असतो. टिप बुजलेली असताना बोटानं चोळून बघणारे लोक मी पाहिलेत. आपण ओरडायचं फक्त.

पांढरा_कोट

हा मुद्दा इथेच सोडू नका. मी रुग्णालयात काम करते. एअरलेसचा फवारा जवळून कातडीत घुसला तर बाहेरून दिसतं ते टाचणी टोचल्याएवढं भोक. सुरुवातीला दुखतही नाही फारसं. माणूस पट्टी लावून कामाला लागतो. आत मात्र रंग आणि थिनर बोटाच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरलेले असतात आणि पेशी मरायला लागतात. काही तासांत बोट सुजून काळंनिळं होतं. बोट गमावण्यापर्यंत जातं. ही साधी जखम नाही, लगेच शस्त्रक्रिया करावी लागणारी जखम आहे. वाट बघायची नाही, थेट रुग्णालयात जायचं, 'उच्च दाबानं रंग आत गेलाय' हे शब्द वापरायचे आणि डब्यावरचं लेबल बरोबर न्यायचं. हातमोज्यानं हे थांबत नाही.

ब्रशवाला

एवढं वाचून माझा ब्रश मी देव्हाऱ्यात ठेवणार आहे.

यंत्रज्ञ

पांढरा_कोट, धन्यवाद. त्यात दोन गोष्टी जोडतो. थिनरनं पंप धुताना धातूची बादली घ्या, ती जमिनीशी तारेनं जोडा, गन बादलीच्या धातूला टेकवून कमी दाबावर सोडा. वाहत्या थिनरमुळे स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरते. प्लास्टिकची बादली इथे घात करते. दुसरं, मिथिलीन क्लोराइडसारखे क्लोरीनवाले सॉल्व्हंट आणि ब्लीच दाबाच्या यंत्रात कधीच घालू नका. ॲल्युमिनियमच्या भागांशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन यंत्र फुटू शकतं.

आणि तोंडाला धुळीचा मास्क बांधून थिनरचा रंग मारणाऱ्यांनो, वाफ त्यातून सरळ आत जाते. सेंद्रिय वाफेची काडतुसं असलेला मास्क हवा. हार्डनर मिसळायच्या दोन घटकांच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेन रंगात) आयसोसायनेट असतात, तिथे बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो.

सुतारपक्षी

खबर: नोझल उतरवली. बैठकीवर प्रायमरचं अख्खं कडं वाळून बसलेलं होतं, करड्या रंगाचं, अंगठीसारखं गोल सुटून आलं. मधे गन चुलतभावाकडे जाऊन आली होती, 'धुऊन दिलीय' या शब्दांसह. काडीनं आणि फडक्यानं साफ केली, पाना लावून घट्ट केली. बुडबुडे बंद, ठसका बंद. एअर कॅप भिजवली, एका शिंगाचं भोक बुजलेलं दिसलं, तेही मोकळं झालं. पुठ्ठ्यावर ठसा दोन्ही टोकांना सारखा येतोय.

दोन दारं मारली. एक सुरेख. दुसऱ्यावर मात्र बारीक खड्डे पडलेत, मसुराच्या दाण्याएवढे, आत खालचा प्रायमर दिसतो. रंग तिथून मागे सरकल्यासारखा. आता हे काय नवीन?

टवाळखोर

चुलतभावाला धाग्याची लिंक पाठवा.

ओघळ

ते फिशआय. खाली किंवा हवेत तेल, मेण नाहीतर सिलिकॉन आहे. रंग तिथे धरत नाही. हवेतून येतंय का ते आधी बघा: कपात रंग न घालता, स्वच्छ पांढऱ्या कागदावर गननं नुसती हवा मारा, थोडा वेळ.

निळा_डबा

आणि कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ शेवटचा कधी उघडला होता? रोज काम संपल्यावर उघडायचा असतो. हवा दाबली की तिच्यातलं बाष्प टाकीत पाणी होऊन साचतं, तेल लागणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये त्यात तेलही येतं. नळीवर पाणी अडवणारा सेपरेटर असला तरी तो कॉम्प्रेसरला चिकटून नको, थोड्या अंतरावर हवा. हवा गार झाल्यावरच पाणी वेगळं होतं.

सुतारपक्षी

टाकीचा नळ उघडला. आधी फुस्स, मग तपकिरी पाणी, चांगलं वाटीभर. पण कागद कोरा राहिला, डाग नाही. आणि पहिलं दार त्याच हवेनं मारलेलं, त्याला काही झालं नाही.

यंत्रज्ञ

मग हवा निर्दोष दिसते, दोष दारात आहे. ते दार जुनं आहे का? त्यावर कधी फर्निचर पॉलिश मारलं होतं?

सुतारपक्षी

हो, जुनं. खड्डे न पडलेलं पहिलं दार नव्या लाकडाचं. घरात वर्षानुवर्षं पॉलिशचा डबा फिरायचा या जुन्यावर.

ओघळ

सापडलं. बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि ते लाकडाच्या रेषांत मुरतं. प्रायमर जाड असल्यामुळे त्यानं झाकलं, वरच्या रंगानं उघडं पाडलं. आता त्यावर आणखी रंग ओतून खड्डे भरायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, घासून उतरवा, मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणानं पुसा. एका फडक्यानं ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलायचं, नाहीतर तेल नुसतं पसरतं. मग मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेच्या वार्निशचा) एक पातळ हात मध्ये अडसर म्हणून, आणि त्यावर रंग.

सुतारपक्षी

जुनी दारं अजून बरीच आहेत. त्यांना अजून प्रायमरही लागलेला नाही. मग आधी घासू की आधी पुसू?

ओघळ

आधी पुसा. आधी घासलंत तर पॉलिश कागदाबरोबर लाकडात आणखी खोल जातं, आणि तोच कागद नव्या दाराला लावलात तर तिथेही. पुसून, घासून, पुन्हा पुसून. फडकी दर दाराला नवी.